डोळ्यातलं विमान

रविवारी दुपारी चार वाजता आमच्या केडगावच्या कॉलनीत कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. जेवण अंगावर आलेलं असतं, पंखे गरगरत असतात आणि माणसं आडवी झालेली असतात. अशा वेळी भिंतीपलीकडून कोणी खणखणीत आवाजात ओरडलं, "दहा वाजता! वर! दोन हायेत!" तर तुम्ही काय समजाल? मी समजले की शेजाऱ्यांचं घड्याळ बिघडलंय, आणि त्यासोबत डोकंही.

गाऊनवर ओढणी घेतली आणि जाऊन बेल वाजवली. दार उघडलं ते रंभाजी भिंगारदिवे यांनी. साठी ओलांडलेले, ताठ कण्याचे, आणि कानांवर हे एवढे मोठे हेडफोन. मी म्हटलं, "अहो, आत्ता चार वाजलेत. दहा वाजता कोण आलं होतं, ते आत्ता साऱ्या गल्लीला कशाला सांगताय?"

ते ओशाळले. "न्हाई बाई, घड्याळातलं दहा न्हाई. दिशेचं दहा." दारातच त्यांनी हाताने दाखवलं. नाकासमोर बारा, उजवा कान तीन, पाठ सहा, डावा कान नऊ. "आपन त्या घड्याळाच्या मधी बसलोय असं धरायचं."

"मग जरा हळू बसा," मी म्हटलं आणि परत आले. झोप गेली ती गेलीच.

आमची जोडघरं आहेत. मधली भिंत एकच, आणि बिल्डरने ती इतकी पातळ बांधली आहे की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करते. मी लीना. नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणारी माणसं आता उरली नाहीत. पुण्यात मनवा नावाची भाची आहे, ती दिवाळीला फोन करते. एवढी माझी ओळख पुरे. ही गोष्ट रंभाजींची आहे.

नगर जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तिथे तो शिपाई असो की स्वयंपाकी, इथे एसटीतून खाली पाय ठेवला की मेजर. रंभाजींना याचा भयंकर राग. "मी वायुदलातला. आमच्यात मेजर नसतोच. मी सार्जंट म्हनून रिटायर झालो," असं ते कोपऱ्यावरच्या पुंजाराम दुकानदाराला समजावून सांगायचे. पुंजाराम मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं मेजर, सार्जंट तर सार्जंट. दूध किती देऊ?" मी मात्र त्यांना सार्जंटच म्हणत आले. माणसाला त्याच्या खऱ्या हुद्द्याने हाक मारायला काही पैसे पडत नाहीत.

ते मूळचे श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. वडील दुसऱ्याच्या उसात राबायचे, आणि बाजरी निसवून कणसं बाहेर पडली की छोटा रंभाजी पाखरं राखायला माळ्यावर बसायचा. पाखरांचा थवा शिवाराच्या त्या टोकाला उठला की याला दिसायचा, आणि थवा येईपर्यंत गोफणीत दगड तयार असायचा. असे डोळे घेऊन पोरगा वायुदलात भरती झाला, आणि तिथेही त्याच्या वाट्याला राखणच आली.

त्यांनी मला ते नीट समजावून दिलं होतं. रडार मोठं हुशार यंत्र, पण झाडाच्या उंचीवरून जमिनीला घासत येणारं विमान त्याला दिसत नाही. म्हणून सरहद्दीजवळ ओसाड जागी चार-पाच माणसं, एक तंबू आणि एक बिनतारी संच देऊन बसवत. त्यांचं काम आभाळाकडे बघायचं. विमान दिसलं तर दिशा, उंची, संख्या कळवायची. नाही दिसलं तर तेही कळवायचं, ठरल्या वेळी, 'साफ' म्हणून. रंभाजींनी निम्मी नोकरी राजस्थानच्या वाळूत 'साफ' म्हणण्यात घालवली.

"आणि शत्रूचं विमान किती वेळा दिसलं?" मी विचारलं होतं.

"एकदा."

"एकदाच?"

"एकदाच. एक घोट पानी प्यायला जेवढा येळ लागतो, तेवढंच. टेकाडाच्या मागनं आलं, वळलं, पंखावर ऊन चमकलं अन् गेलं. मी कळवलं. पलीकडनं आवाज आला, समजलं. बास."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"ते आपल्याला कोन सांगतंय? आपलं काम बघायचं. पुढचं दुसऱ्याचं." हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. मलाच वाटलं.

इकडे बेलापूरला कलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नितीनला एकटीने वाढवलं. रंभाजी वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. पोरगं आईच्या पदराआडून या उंच, काळ्या, मोठ्या आवाजाच्या पाहुण्याकडे बघत राहायचं. "अन् मी बी त्याला लांबूनच बघायचो," ते म्हणायचे, "मला तेवढंच येत हुतं." तो हाताला लागेल लागेल म्हणेपर्यंत सुट्टी संपायची. निवृत्तीनंतर रंभाजी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा बघू लागले, केडगावात घर घेतलं. पण तोवर नितीन इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात गेलेला. मग नोकरी, मग माधुरीशी लग्न, मग दोघं जर्मनीत, हॅम्बुर्गला. बापलेकांची चुकामूक म्हणावी तर तीही नव्हे. चुकामूक व्हायला आधी भेट ठरावी लागते.

कलाबाई गेल्या तेव्हा नितीन आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि घरात दोघंच उरले. कलाबाई असताना फोन त्याच करायच्या आणि "घ्या, बोला" म्हणून यांच्या हातात द्यायच्या. आता मधलं माणूसच गेलं होतं. यांचं फोनवरचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे: "जेवलो. तू? बरं. न्हाई, पाऊस न्हाई. ठेवू? ठेव."

तेव्हा त्या पोराने एक अक्कलहुशारीचं काम केलं. जाण्याआधी त्याने बापाला एक कॉम्प्युटर मांडून दिला, मोठा पडदा, हेडफोन, सगळं. त्यात विमानांच्या लढाईचा खेळ. जुन्या महायुद्धातलं दोन माणसांचं विमान. पुढच्या जागेवर नितीन हॅम्बुर्गात बसून विमान चालवणार, मागच्या जागेवर रंभाजी केडगावात बसून शत्रू शोधणार. आपल्याकडे दुपारचे चार, तिथे सकाळ संपत आलेली. दर रविवारी. नितीन विचारायचा, "बाबा, काय दिसतंय?" आणि बाबा सांगायचे. मधल्या रिकाम्या वेळात, ढगांवरून जाताना, दुसरंही बोलणं निघायचं. आई पिठल्यात लसूण कधी घालायची. माधुरीला थंडी सोसत नाही. पहिलीत असताना नितीनला ताप आला होता तेव्हा बाबा कुठे होते. समोरासमोर बसून जे आयुष्यात झालं नाही, ते बापलेक एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बोलू लागले.

म्हणून तो रविवार म्हणजे रंभाजींचा जीव की प्राण. शनिवारपासून त्यांच्या घरात लगबग सुरू व्हायची. मला त्या झोपमोडीनंतर कुतूहल वाटलं, मी पुढच्या रविवारी मुद्दाम चहा घेऊन गेले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी कप घेतला आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मग मी जातच राहिले.

खरं सांगायचं तर सार्जंट त्या खेळात सुमार होते. त्यांना वाळवंटातली सगळी विद्या पाठ, आणि पडद्यावर तिचा उपयोग शून्य. "रिकाम्या आभाळाकडं बघितलं की डोळा आळशी हुतो, बाई. त्याला धरायला काई नसतं. मग तो जवळच कुठंतरी टेकतो, अन् आपल्याला वाटतं आपन लांबचं बघतोय. म्हनून आधी लांबचं झाड बघायचं, डोळा तिथवर पोचवायचा, अन् मग वर न्यायचा." हे ऐकायला छान. पण पडद्यावर झाडही दोन हातांवर आणि शत्रूही दोन हातांवर. ते तरी आधी झाड बघायचे. विमानाचा आवाज लांबून यावा म्हणून डोक्यावरचा पंखा बंद करायचे आणि हेडफोनमधल्या स्वतःच्याच इंजिनाची घरघर ऐकत घामाघूम व्हायचे. सूर्याच्या आडून शत्रू येतो, म्हणून खरा पहारेकरी अंगठ्याने सूर्य झाकून बघतो. हे पडद्यावरचा सूर्य अंगठ्याने झाकायचे! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा नाकात गेला.

या खेळात शत्रू म्हणजे पडद्यावरचा काळा ठिपका, मोहरीहून लहान. खरं विमान वळलं की चमकतं, जमिनीवर त्याची सावली पळते, इथे असलं काही भरवशाचं नाही. नितीनने सांगितलं, "बाबा, चित्राचा दर्जा कमी करा, ठिपका मोठा दिसेल." आणि खरंच, चित्र जितकं भिकार केलं तितका शत्रू ठळक. सार्जंटना हे शेवटपर्यंत पटलं नाही. आणखी एक सोय होती, लेबलची. ते ज्याने सुरू केलं त्याच्या पडद्यावर प्रत्येक विमानाच्या डोक्यावर लाल अक्षरांत नाव आणि अंतर उमटतं. नितीनने दोन-तीनदा सुचवलं. हे उसळले, "पाटी लावलेला शत्रू कसला रे? मग बघनाऱ्याचं काम काय?" नितीनने विषय सोडला.

वाळवंटातला एकच नियम मात्र पडद्यावरही लागू पडायचा, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. "आडवं पळतंय ते पळू द्या. जे जागचं हलत न्हाई, नुसतं बसून राहतं, ते आपल्याच अंगावर येतंय."

गेल्या हिवाळ्यात, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते तुंबले होते त्या दिवसांत, एका रविवारी मला त्यांच्याकडे जायला उशीर झाला. भिंतीतून ओरडणं ऐकू येत होतं. "बारा वाजता! सरळ समोर! हलत न्हाई, अंगावर येतोय! वळव!" थोड्या वेळाने पुन्हा, "अजून समोरच हाय! वळव, वळव!" मग आणखी एकदा. मी पोचले तोवर विमान भोवऱ्यासारखं गरगरत जमिनीवर आपटलं होतं आणि त्याच खेळात इंटरनेटवरून आलेली बाकीची पोरं हेडफोनबाहेर ऐकू येईल इतकी हसत होती. नितीन शांतपणे म्हणत होता, "बाबा, समोर कोणी नव्हतं. स्क्रीनवर डाग असेल, पुसून घ्या."

त्यांनी पडदा पुसला. चष्मा पुसला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग कलाबाईंच्या फोटोकडे. तिथे त्यांची मान तशीच राहिली. मला वाटलं, आठवण आली असेल, म्हणून मी कप उचलून घरी आले.

संध्याकाळी दिवेलागणीला ते माझ्या दारात उभे. मी या म्हटलं तरी आत येईनात. "बाई," ते म्हणाले, "माझ्या डोळ्यात इमान हाय."

"काय?"

"तो ठिपका पडद्यावर न्हाई. डोळ्यात हाय. जिकडं बघावं तिकडं मधोमध येऊन बसतो. कलीच्या फोटोत पदर दिसतो, फ्रेम दिसती, हार दिसतो. तोंड दिसत न्हाई."

तीस वर्षं पोरांपुढे बडबड केलेली बाई मी, आत जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांना नगरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. डावा बराच गेला आहे, उजव्यात सुरुवात आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं, मधलं जाईल. इंजेक्शनं घेतली तर उजवा काही काळ टिकेल. रंभाजींनी सगळं सावधान उभं राहिल्यासारखं ऐकलं. परतताना रिक्षात एकच बोलले, "नितीनला कळवायचं न्हाई."

"वेड लागलंय का? पोटचा मुलगा आहे तुमचा."

"म्हनूनच. कळलं तर तो डॉक्टर इचारील, इंजेक्शन इचारील, पैसे पाठवू का इचारील. मग म्हनंल, बाबा, खेळून डोळ्यांना तान नको. खेळ बंद. अन् खेळ बंद झाला तर आमी बोलायचं काय, बाई? पुन्हा जेवलो, पाऊस न्हाई, ठेवू का?" रिक्षावाल्याने आरशात बघितलं, तेव्हा मी त्याला पुढे बघायला सांगितलं.

मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण त्या तुटक फोनांचे शब्द मी भिंतीतून ऐकलेले होते, म्हणून गप्प बसले. आणि पुढच्या रविवारी मी त्यांचे डोळे झाले.

युक्ती माझीच. माइकमुळे तोंड उघडायची सोय नव्हती. मी शाळेतली लाकडी फूटपट्टी काढली. उजव्या खांद्यावर टोचली की शत्रू उजवीकडे, डाव्या खांद्यावर की डावीकडे, टाळूवर टेकवली की वर, पाठीत की मागे. एकदा टोचली तर लांब, दोनदा तर जवळ. तीस वर्षं पोरांना पट्टी मारली, पण हवाई दलाच्या सार्जंटला पट्टी मारायचा योग निवृत्तीनंतर यायचा होता. ते अंदाजाने नजर तिकडे वळवायचे, कडेच्या दिसण्यात काही हललं तर पकडायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे. नितीन म्हणायचा, "बाबा, आज फॉर्मात आहात!"

आणि मी चांगली होते हो! यात खोटी नम्रता कशाला? परीक्षेच्या वर्गावर उभं राहून ज्याने कॉपी पकडली आहे, त्याला ठिपका पकडणं अवघड नाही. एकेक चेहरा बघत बसायचं नसतं. सगळा वर्ग एकदम डोळ्यांत घ्यायचा. ज्याचं काही बिनसलंय तो आपोआप दिसतो. मला तसे ते ठिपके दिसू लागले. मी रविवारची वाट बघू लागले. शनिवारीच चिवडा करून ठेवायची. हेडफोनचा एक कान ते माझ्याकडे उलटा करून ठेवायचे, त्यातून मला नितीनचा बारीक आवाज यायचा. माधुरीने मोदक केले आणि ते फुटले, हे मला कळलं. हॅम्बुर्गात पाऊस कसा तिरका पडतो, हे कळलं. त्या पोराने मला कधी बघितलं नव्हतं, पण मी त्याच्या खोकल्यावरून सर्दी ओळखायला लागले होते. घरी आल्यावर मी मोठ्याने म्हणायची, "आज दोन पाडली." ऐकायला कोणी नसायचं, तरी म्हणायची.

असं बरेच महिने चाललं. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू होती, आणि ठिपका तरीही वाढतच होता.

मग तो रविवार आला. आम्ही ढगांच्या वर होतो. नितीन सांगत होता की माधुरीला दिवस गेलेत. रंभाजी इतके आनंदले की बघायचं सोडून "कवा? कितवा म्हैना?" विचारत सुटले. मीही ऐकत राहिले. आणि भानावर येऊन बघते तो काय, आमच्या शेपटीमागे ठिपका नव्हे, सबंध विमान, पंखांसकट! पट्टी शोधायला वेळ नव्हता. मी किंचाळले, "अहो मागे! अगं बाई, मागे बघा, मागे!"

नितीनने झटक्यात विमान वळवलं. गोळ्या बाजूने निघून गेल्या. आम्ही वाचलो.

"बाबा, कोण आहे तिकडे?"

"कुनी न्हाई," रंभाजी म्हणाले. "टीव्ही चालू हाय."

"बरं," नितीन म्हणाला. लगेच त्याने काहीतरी काम काढलं आणि खेळ संपवला.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या आठवड्यात रंभाजी बोलले नाहीत असं नाही, पण शनिवारी येऊन म्हणाले, "उद्या तुमी येऊ नका, बाई. त्याला संशय आलाय. मी एकटाच बघतो जमतंय का." बघतो म्हणताना त्यांचे डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होते. माझा चेहरा दिसावा म्हणून ते आता तसेच बघायचे.

रविवारी मी माझ्या घरात भिंतीला खुर्ची लावून बसले. चोरून ऐकणं वाईट, हे मी पिढ्यानपिढ्या शिकवलं आहे. तरी बसले.

चार वाजले. त्यांचा आवाज आला, "साफ." थोड्या वेळाने, "उजवीकडं साफ." मग, "वर साफ." मी पडदा बघत नव्हते, पण त्या आवाजावरून मला कळत होतं की हा माणूस काहीही बघत नाहीये, वाळवंटात ठरल्या वेळी म्हणायचा तसं नुसतं म्हणतोय. "मागं साफ." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, पडलं असेल विमान.

मग ते हळू आवाजात बोलू लागले. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"न्हाई. मला न्हाई दिसला तो... तुला दिसला हुता?... मग वळवलं का न्हाईस?"

थांबले.

"लेबल? कवापासनं?... पयल्यापासनं?"

पुन्हा थांबले. या वेळी खूप.

"म्हंजे तुला सगळं दिसत हुतं. पयल्या दिवसापासनं. मग मला कशाला इचारत हुतास रे, काय दिसतंय, काय दिसतंय?"

पलीकडून नितीन काय म्हणाला ते मला कळलं नाही. कधीच कळणार नाही. पण तो बोलत होता, आणि बराच वेळ बोलत होता, आणि रंभाजी मधूनमधून नुसतं "हां" म्हणत होते. मग ते रडले. मोठ्या माणसाचं रडणं भिंतीतून ऐकणं फार वाईट. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

"मधोमध काळं हाय," ते म्हणत होते. "व्हय, दोनी. डावा तर गेलाच... वरीस झालं... न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर तू खेळला नसतास, अन् मग बोलला नसतास. मला दुसरं काय येतंय तुझ्यासंगं बोलायला?... तुझ्या आईचं तोंड दिसत न्हाई रे आता. तुजं तरी दिसंल का, येशील तवा?... बाळाचं?"

मी तिथून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

संध्याकाळी ते आले. चेहरा धुतल्यासारखा. या वेळी आत येऊन बसले, चहा घेतला. नितीनने खेळ बंद केला होता. "म्हनला, बाबा, आता विमानाची गरज न्हाई, मी रोज फोन करतो, नुसतं बोलू. अन् म्हैनाअखेर येतोय. पुन्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय म्हनं." मग हसून म्हणाले, "किती बोललो, बाई! आख्खी दुपार. मला वाटलं नव्हतं मला एवढं बोलता येतं."

"छान झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"त्याला तुमचं सांगितलं. म्हनला, बाईंना थँक्यू सांगा. तुमाला लई तरास दिला आमी. आता रविवारी यायची गरज न्हाई. सुटलात बघा तुमी."

"सुटले हो," मी म्हटलं, आणि कप उचलून आत नेला. ते गेल्यावर मला राग आला. त्यांचा नाही, नितीनचाही नाही. कोणाचा, ते शोधण्यात अर्थ नव्हता. एवढंच वाटलं की त्या घड्याळाच्या मधोमध बापलेक बसले, आणि मी कुठे बसले होते ते कोणाला सांगायचं राहून गेलं.

आता त्यांचा फोन रोज असतो, आणि रविवारी सगळ्यात लांब. भिंतीतून शब्द कळत नाहीत, ते हल्ली हळू बोलतात. हसणं तेवढं ऐकू येतं. म्हणून रविवारी चार वाजले की मी पिशवी घेऊन भाजी आणायला निघते. घरात भाजी असते, तरी निघते.